दसऱ्याआधी ट्रेडमिल

बिबवेवाडी, पुणे
१८ सप्टेंबर २००४

ती. दादांस,
विजूचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ओरडून माझा घसा बसतो, म्हणून पत्र.

घरासाठी ट्रेडमिल घ्यायची आहे. यांची छातीची तपासणी ठीक निघाली, डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलं, हे तुम्ही सोबत होता म्हणून ठाऊकच आहे. हे सहाला बूट घालून निघतात, सातला परततात. परवा मी मागोमाग गेले. बागेतल्या पहिल्याच बाकावर बसलेले! विचारलं, तर म्हणाले, बाक रिकामा दिसला. आता माझ्या डोळ्यांसमोर चालायचं. डिसेंबरात सुनीतीचं लग्न. मुलीचा बाप मांडवात धापा टाकतोय, हे मला नको.

तुमचा जन्म कारखान्यातल्या मोटारी दुरुस्त करण्यात गेला. मोटार केवढी, पट्टा किती लांब, तुम्हीच सांगा.

तुमच्या उत्तरावर अडून बसलेली,
विजू


कर्वेनगर
२३ सप्टेंबर

श्री. संपतराव यांस,
स. न. वि. वि.

पत्र मुद्दाम दुकानाच्या पत्त्यावर टाकतो आहे. विजूचं मला पत्र आलं, ती तुमच्यासाठी ट्रेडमिल शोधते आहे. तसल्याच यंत्रावर दवाखान्यात तिसऱ्या मिनिटाला तुम्ही पांढरेफटक पडलात आणि त्यांनी ते घाईने बंद केलं. जिनासुद्धा जपून चढा, आठवड्यात अँजिओग्राफी करा, असं डॉक्टरांनी माझ्या कानाशी येऊन सांगितलं. तुम्ही मात्र दुकानातल्या देव्हाऱ्यापुढे खंडोबाचा भंडारा माझ्या हातात ठेवलात आणि सुनीतीचं लग्न होईपर्यंत कुणाला सांगणार नाही, असं वदवून घेतलंत.

उचललेला भंडारा आमच्या घरात कुणी मोडलेला नाही. तुम्हीच मला मोकळं करा.

आपल्या काळजीत असलेला,
हिंदुराव


बिबवेवाडी
२७ सप्टेंबर

श्री. हिंदुराव यांस,
स. न. वि. वि.

मोकळं करत नाही. बाप दवाखान्यात म्हटल्यावर मुलाकडचे तारीख पुढे ढकलतील. आमच्या आनंदीचं लग्न वडिलांच्या आजारपणात असंच दोन महिने पुढे गेलं, ते पुन्हा ठरलंच नाही. ती आज छप्पन्न वर्षांची आहे आणि अजून माझ्याकडे राखी बांधायला एकटीच येते.

अडीच महिने काढायचे आहेत. जिभेखाली ठेवायची गोळी खिशात असते. तुम्ही एवढंच करा, सोयरीक मोडायची असली की स्थळात काढतात तशा त्या यंत्रात खोड्या काढा.

आपल्या भरवशावर असलेला,
संपत


कर्वेनगर
२ ऑक्टोबर

चि. सौ. विजू हीस,
अ. उ. आ.

घाई नको. दुकानदार मोटारीची सांगतात ती ताकद क्षणभराची असते. सलग चालताना किती, ते विचार. संपतराव उंच, पट्टा आखूड असला तर पाय मागे घसरेल. बिनमोटारीची तर मुळीच नको, ती पायाने ढकलावी लागते. तुमच्याकडे विजेचा दाब कमीजास्त होतो. खालच्या मजल्यावरचे लोक आवाजाची तक्रार करतील. दिवाळीनंतर नवी मॉडेलं येतात म्हणे, तोवर थांब.

आणि बाकावर बसतात तर बसू दे.

सदैव तुझं हित पाहणारा,
दादा


बिबवेवाडी
१५ ऑक्टोबर

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र घेऊन चार दुकानं फिरले. शेवटच्या दुकानदाराने विचारलं, भाऊ मशीन निवडतायत की नाकारतायत? सगळी उत्तरं मिळवली. सलग दोन हॉर्सपॉवरची मोटार, यांच्या ढांगेला पुरेल असा पट्टा, खाली जाड रबर. खालच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तुमच्या मिक्सरपेक्षा बरी.

खंडेनवमीला घरी येईल. दसऱ्याला झेंडूची माळ घालून पूजा करायची आणि लगेच यांनी वीस मिनिटं चालायचं. वेगाचं बटण माझ्या हातात. हे नुसतं ‘बरं’ म्हणाले. इतक्या लवकर बरं म्हणणारा हा माणूस नव्हे, त्याचंच मला जरा चमत्कारिक वाटतंय.

सोनं लुटायला तुम्ही याच.

तुमच्या खोड्यांना पुरून उरलेली,
विजू


कर्वेनगर
१९ ऑक्टोबर

चि. सौ. विजू हीस,
अ. उ. आ.

हे पत्र टपालात टाकत नाही. मी समोर बसलो असताना वाच.

संपतरावांना यंत्रावर चढवू नकोस. तपासणी ठीक नव्हती. तीन मिनिटंही चालवलं नाही त्यांना. आठवड्यात दाखल करा म्हणाले होते, त्याला आता महिना उलटला. मी भंडारा उचलला होता म्हणून गप्प बसलो. लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे, अशी पळवाट सुचली होती. पण खंडोबापुढे पुणेरी वकिली चालत नाही. शपथ मोडतो आहे. त्याचं जे व्हायचं ते माझं होवो.

रागवायचं ते नंतर. आधी रिक्षा बोलाव.

तुझा अपराधी,
दादा


बिबवेवाडी
२८ ऑक्टोबर

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

ऑपरेशन होऊन पाच दिवस झाले. तीन ठिकाणी अडथळे होते. डॉक्टर म्हणाले, इतके दिवस कसे काढले हेच आश्चर्य. लग्न फाल्गुनावर गेलं. मुलाचे वडील स्वतः दवाखान्यात येऊन सांगून गेले की तारीख हलली, शब्द हलणार नाही. आनंदीताई ते ऐकून बाहेर जाऊन रडल्या.

तुम्ही दोघांनी मिळून मला काळजीतून वाचवायचं ठरवलंत. आणि मी हळदकुंकू लावून, स्वतःच्या बोटाने बटण दाबून, यांना त्या पट्ट्यावर चालवणार होते. हे मनातून जात नाही. तुमच्या उंबऱ्यावर इतक्यात येणं मला जमणार नाही.

हे तुमच्याशी बोलणार नाहीत. तुमचं नाव निघालं की भिंतीकडे तोंड फिरवतात. टाके ओढले जातात, कण्हतात, तरी फिरवतात. काल मी ते बराच वेळ बघत बसले होते. फिरवू देत, दादा, फिरवायला हे आहेत तरी.

माया आहे आणि रागही आहे. दोन्ही आपलेच समजावे.

तुमची,
विजू