गढीचा दरवाजा पल्लवीला

पल्लवीच्या हातातले औक्षणाचे ताट मी काढून घेतले, दिग्विजयच्या हातात दिले आणि माडीवर येऊन मृत्युपत्र लिहायला बसले.

मी, मनुबाई सयाजी काटकर, वय ७४, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार खोलवडी, ता. कोरेगाव, जि. सातारा. बुद्धी शाबूत आहे. अक्षर हलते आहे ते रागाने. कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. सांगितले तसे पुष्कळ वर्षे वागले.

१. काटकरांच्या गढीचा पूर्वेकडील निम्मा भाग, मुख्य दरवाजासह, वाटणीपत्राने माझा आहे. उरलेला निम्मा पुतणे दिग्विजय आणि शिवतेज यांचा होता. शिवतेज दोन वर्षांपूर्वी गेला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दिग्विजयने त्याच्या बायकोची, पल्लवीची, हक्कसोडपत्रावर सही घेतली.

२. दिग्विजयने गढी दुरुस्त केली. चुन्याचे काम चोख आहे, हे मान्य करते. पुण्या-मुंबईची वीस-वीस माणसे शनिवार-रविवार सबंध गढी भाड्याने घेतात. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती.

३. यजमान १९७९ साली सैन्यात वारले. तेव्हापासून या घरच्या एकाही लग्नात मला ओवाळू दिले नाही. दिग्विजयच्या लग्नात त्याच्या आईने, माझी धाकटी जाऊ दगडाबाई हिने, माझ्या हातातले ताट सर्वांदेखत घेतले. "आक्का, तुमी मागं बसा." तोच दिग्विजय चार वर्षांपूर्वी म्हणाला, "काकी, पाव्हण्यांना तुमीच ओवाळा. फोटोत लय भारी दिसता." मी दर शनिवारी परक्यांना ओवाळले. मला वाटले, घराने मला पुढे बोलावले. ही माझी चूक.

४. पल्लवी २९ वर्षांची आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दगडाबाईने तिला स्वयंपाकघरात बसवले. आज माझे गुडघे चालेनात, तेव्हा दिग्विजयने तिच्यापुढे हिरव्या बांगड्या, नथ आणि कुंकू ठेवले.

"पाव्हणं गेलं की काढून ठेव."

"आन् न्हाई घातल्या तर?"

"मग जेवायला माहेरी जा."

५. सबब माझा निम्मा भाग, दरवाजा धरून, पूर्ण मालकीहक्काने पल्लवीला देत आहे. तिने पाहुणे ठेवावेत किंवा दरवाजाला कुलूप घालावे. तिने पुन्हा लग्न केले तरी हक्क अबाधित राहील.

६. यजमानांची ट्रंक पलूसला माझ्या भावाकडे जावी. दिग्विजयने ती दिवाणखान्यात सजावटीला मागितली होती. चांदीचे ताट दगडाबाईला. माझ्या हातात ते तिला कधी बघवले नाही.

७. दिग्विजयला काही नाही. नजरचुकीने राहिले असे समजू नये.

८. मला अग्नी पल्लवीने द्यावा.

वरील मजकूर माझ्या हातचा आहे. दोन्ही साक्षीदारांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार: डॉ. विश्वजित ठोंबरे, सोनम गायकवाड
सही: मनुबाई सयाजी काटकर
खोलवडी, शनिवार, १८ जानेवारी २०२५

रविवार, १९ जानेवारी. सकाळी पल्लवीला हे वाचायला दिले. ती म्हणाली, "आवं काकी, मग तुमच्या मरायची वाट बघत बसू व्हय मी?" वकिलांना फोन केला. माझा भाग माझ्या हयातीतच तिच्या नावे व्हावा म्हणून उद्या कोरेगावला बक्षीसपत्र नोंदवायचे आहे.