फ्रिजमधला मधला कप्पा

३ फेब्रुवारी, सोमवार
बाबा चौदा तारखेला चीजच्या कारखान्यातून निवृत्त होणार. बावीसला, शनिवारी, चर्चच्या तळघरात निरोपाचं जेवण. आईनं विचारलं, बीफचं मार्लिस आत्याला सांगायचं ना, नेहमीसारखं? मी म्हटलं, नाही, मी करणार. गरम रोस्ट बीफ आणि चीजची सँडविचेस. ऐंशी माणसांची. आई म्हणाली, अगं बाई. आणि भांडी घासायला लागली. म्हणजे तिला कल्पना आवडली.

कारण लिहून ठेवते, पुढे डगमगायला नको. या घरातली मी पहिली पदवीधर. मी कॉलेजात होते तितकी वर्षं बाबांनी पहाटेची पाळी सोडली नाही, ती माझ्यासाठी. पण त्यांना आभार मानलेले चालत नाहीत. डिसेंबरमध्ये पदवी मिळाली त्या दिवशी मी प्रयत्न केला, तर ते मध्येच उठून गाडीचे टायर बघायला गेले. म्हणून आता आभार सँडविचमधून. हातात गरम सँडविच असताना माणूस टायर बघायला जात नाही.

मार्चमध्ये मॅडिसन शहरात, विम्याच्या ऑफिसात रुजू व्हायचंय. तोवर वेळच वेळ आहे. मी अजिबात घाबरलेली नाही.

५ फेब्रुवारी
मांसाचा थर्मामीटर आणला. उकळत्या पाण्यात तपासला, बर्फाच्या पाण्यात तपासला. त्याची खात्री करायला दुसरा आणला. दोघांत एका अंशाचा फरक. खरा कोण ते ठरवायला तिसरा आणणं म्हणजे वेडेपणा होईल.

६ फेब्रुवारी
तिसरा आणला.

८ फेब्रुवारी, शनिवार
मार्लिस आत्या येऊन गेली. ही बाबांची थोरली बहीण. गावातलं कुठलंही लग्न असो, बाप्तिस्मा असो की मयत, बीफ तिचंच असतं. कॉफीला आले म्हणाली, पण कोट काढायच्या आतच विचारलं, तुझं बीफ आतून गुलाबी असणार असं ऐकलं. मी म्हटलं, हो, एकशे तीस अंश फॅरनहाइटवर काढणार. ती म्हणाली, मग गुरांचा एखादा चांगला डॉक्टरही बोलावून ठेव, उठून चालायला लागेल ते.

मी हसले नाही. तिचं बीफ ती रोस्टरमध्ये, म्हणजे विजेच्या मोठ्या भांड्यात, कांद्याच्या सुपाच्या पुड्या टाकून शिजवते, पार धागे सुटेपर्यंत. मी शांतपणे म्हटलं, आत्या, अशानं मांसाला पोत राहत नाही. ती म्हणाली, अगं, आपल्या निम्म्या नातेवाइकांना दात राहिले नाहीत, त्यांनी पोत कुठे लावायचा? कॉलेजात पोत शिकवतात वाटतं.

मग आजोबांच्या निरोपाची गोष्ट काढली. कारखान्याची रीतच आहे म्हणे, माणूस शेवटच्या दिवशी जो घाणा काढतो त्यातला एक ठोकळा त्याचा. आजोबांनी तो घरी आणला होता आणि मग जेवणाच्या दिवशी तो सगळ्यांनी... इथे मी तिला थांबवलं, कारण तापमानाचा मुद्दा अर्धवट राहिला होता. एका वेळी एकच विषय, असं माझं तत्त्व आहे. नंतर ती गोष्ट राहूनच गेली. ती जाताना आईला म्हणाली, माझा रोस्टर गाडीतच ठेवते हो, लागला तर. लागणार नाही.

११ फेब्रुवारी
मॅडिसनच्या एका दुकानातून चीज मागवलं. आठ वर्षं मुरलेलं. दुकानदार फोनवर म्हणाला, हे लोक वाइनबरोबर नखाएवढं खातात. मी म्हटलं, मला ऐंशी सँडविचेसना पुरेल इतकं हवंय. त्यानं आकडा दोनदा विचारून घेतला. आदरानं.

रात्री जेवताना बाबांनी विचारलं, चीज बरंच लागेल, नाही? मी म्हटलं, सगळं ठरलंय बाबा, तुम्ही काळजी करू नका. ते म्हणाले, बरं मग. आणि बटाटे संपवले. बाबांचा माझ्यावर फार विश्वास आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
बाबांचा कारखान्यातला शेवटचा दिवस. रबरी बूट आणि किल्ली परत करून आले. येताना खाकी कागदात गुंडाळलेला चीजचा ठोकळा आणला, चांगला उशीएवढा, आणि तो फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवला. वर मेणाच्या पेन्सिलीनं आजची तारीख, त्यांच्याच अक्षरात. कारखान्यातून ते नेहमीच काही ना काही आणतात. पण कडा, तुकडे. उशी कशाला?

ठेवून झाल्यावर दार उघडं धरून ते तिथेच उभे राहिले. आई म्हणाली, लायल, स्वयंपाकघर गार करतोयस का? मी म्हटलं, बाबा, मधला कप्पा बीफसाठी राखलाय. ते म्हणाले, बीफ अजून आलं कुठे. मी म्हटलं, बुधवारी येईल. ते म्हणाले, मग बुधवारी बघू.

ठरलं तर. बुधवारी बघायचं.

१७ फेब्रुवारी
रंगीत तालीम. एक सँडविच करून, फॉइलमध्ये गुंडाळून ओव्हनमध्ये ठेवलं. बीफ उत्तम. मॅडिसनचं चीज वितळलं नाही, फुटलं. तेल एका बाजूला, चोथा दुसऱ्या बाजूला. आईनं एक घास खाल्ला आणि म्हणाली, वेगळं आहे.

आपल्या गावात चांगलं नसलं की 'वेगळं आहे' म्हणतात, ते मला कळतं. पण आई साधी आहे. तिला खरोखरच वेगळं म्हणायचं असेल.

दोष आमच्या ओव्हनचा. चर्चचा ओव्हन मोठा आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार
बीफ आलं. चार मोठे तुकडे, आणि फ्रिजमध्ये ती उशी. वरच्या कप्प्यात बसेना, खाली भाजीच्या खणात शिरेना. गॅरेजमध्ये ठेवावी तर गोठेल. कच्च्या मांसाशेजारी चीज ठेवणं तर स्वच्छतेच्या कुठल्याच नियमात बसत नाही.

मग सुचलं. आज चौकातल्या बारमध्ये फायर ब्रिगेडच्या मदतीसाठी मांसाची सोडत होती, म्हणजे तिकीट काढायचं आणि बक्षिसात मांस. लोक बेकन देतात, चॉप्स देतात, चीज का नको? नेऊन दिलं. बारवाली म्हणाली, एवढं सगळं? घरी विचारलंस का? मी म्हटलं, फ्रिजची जबाबदारी सध्या माझ्याकडे आहे. घरी येऊन मधला कप्पा सोड्याच्या पाण्यानं पुसला, बीफ ठेवलं. कित्येक दिवसांत लागली नसेल इतकी शांत झोप आज लागेल.

संध्याकाळी बाबांनी फ्रिज उघडला. थोड्या वेळानं म्हणाले, इथे काहीतरी होतं. मी म्हटलं, फायर ब्रिगेडला दिलं बाबा, सोडतीसाठी. ते म्हणाले, अच्छा. मग म्हणाले, फायर ब्रिगेड चांगलंच काम करते. आणि बर्फ ढकलायचं यंत्र बघायला गॅरेजमध्ये गेले. बर्फ पडलेला नाही. पण बाबांना समाजकार्याची कदर आहे.

२० फेब्रुवारी
आईनं विचारलं, तुला काही बोलले का ते? मी म्हटलं, कशाबद्दल? ती म्हणाली, ते नाही बोलले तर मी कशी बोलू. आणि रागानं टॉवेलांच्या घड्या घालत बसली. आईला समारंभाचा ताण आलाय. तिला दीर्घ श्वास घ्यायला शिकवला.

चीज शेजारच्या गॉर्डी काकांना लागलं म्हणे. एकटे राहतात आणि प्रत्येक सोडत जिंकतात. गेल्या वर्षीची टर्की अजून त्यांच्या फ्रीझरमध्ये आहे. गरजूला मिळालं असतं तर बरं झालं असतं, पण दान दिल्यावर मागे वळून बघू नये.

२२ फेब्रुवारी, शनिवार, सकाळ
मन शांत. तिन्ही थर्मामीटर पर्समध्ये.

त्याच दिवशी, संध्याकाळी
क्रमानं लिहिते.

बीफ एकशे तीस अंशांवर काढलं. वरून तपकिरी, आतून गुलाबी. तळघर भरलं, रांग लागली आणि रांग हलेना, कारण पहिलं कोणी घ्यायचं ते ठरेना. सगळे म्हणाले, लायल, तुझा दिवस आहे, तू घे. बाबा म्हणाले, आधी पाहुणे. पास्टर म्हणाले, आधी लांबून आलेले. लांबून आलेल्या बाई म्हणाल्या, आम्ही काही तशा लांबून नाही आलो. एवढ्या वेळात ओव्हनमधल्या सँडविचेसचं जे व्हायचं ते झालं. शेवटी पास्टरांनी पहिलं फॉइल उघडलं. तेल थेट त्यांच्या बाहीत गेलं. ते चावत राहिले, चावत राहिले आणि म्हणाले, वेगळं आहे. मागच्या सगळ्यांनी चाखून तेच सांगितलं. इतकं एकमत या चर्चमध्ये कधी झालेलं नाही.

तेवढ्यात गॉर्डी काका आले, काखेत खाकी कागद. ठोकळा बाबांपुढे ठेवून म्हणाले, लायल, सोडतीत लागलं, एकट्याला हे कधी संपायचं? म्हणून तुलाच भेट आणलं. आणि कागद नीट बघितला तर अक्षर तुझंच. चौदा तारीख. अरे, हा तुझा शेवटचा घाणा ना? सोडतीत कसा गेला?

बाबा म्हणाले, फायर ब्रिगेडला गेला होता.

'गेला होता' असं म्हणाले. कोणी दिला ते बोलले नाहीत. आत्यानं माझ्याकडे बघितलं. मी थर्मामीटरकडे बघितलं.

बाबांनी खिशातला चाकू काढला, कागद सोडला, त्याची घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली. आत्यानं गाडीतून रोस्टर आणला, माझं बीफ त्यातल्या रश्शात बुडवलं (मी क्षणभर पाठ वळवली होती) आणि पावावर ठेवून वर ते ताजं चीज. टाकताक्षणी वितळलं. पास्टरांनी बाही दुमडून दुसरं घेतलं. आत्या म्हणाली, पोरी, लायलच्या चीजनं तुझ्या बीफची लाज राखली. मी म्हटलं, दोन्ही एकमेकांना पूरक आहेत.

बाबांना भाषण करायला सांगितलं. ते उभे राहिले, म्हणाले, बरं मग. गार होतंय, खाऊन घ्या. आणि पुन्हा लोकांना वाढायला लागले.

उरलेलं चीज घरी आलं असतं तर मधल्या कप्प्याचा प्रश्न पुन्हा उभा राहिला असता. म्हणून मी स्वतः दारात उभी राहिले आणि जाणाऱ्या प्रत्येकाला फॉइलमध्ये बांधून दिलं. सगळे तीनदा नको म्हणाले, चौथ्यांदा घेतलं. पार संपलं.

ताटात शेवटचं एक सँडविच राहिलं होतं. शेवटचं आपल्याकडे कोणी घेत नाही. कुणीतरी अर्धं कापून नेलं, कुणी त्याचं अर्धं, कुणी त्याच्याही अर्ध्याचं अर्धं. राहता राहिला पोस्टाच्या तिकिटाएवढा तुकडा. तो तास न् तास बाहेर होता आणि नियम म्हणजे नियम, म्हणून मी तो कचऱ्यात टाकला. बाबा तिकडेच येत होते. रिकामं ताट बघून म्हणाले, झालं वाटतं, आणि ताट धुवायला घेऊन गेले. कामाला नेहमी पुढे.

एकूण समारंभ यशस्वी. दिलेलं दान फिरून परत आलं, हेही योजनेत बसतं. आभार पोचले.

२३ फेब्रुवारी, रविवार
न्याहारीला बाबांना विचारलं, सँडविच कसं झालं होतं? दहापैकी किती, अगदी प्रामाणिकपणे.

ते म्हणाले, लोक चांगलं म्हणत होते.

मी म्हटलं, लोकांचं नाही, तुमचं सांगा. ते म्हणाले, पास्टरांनी दोन खाल्ली.

आई खिडकीबाहेर बघत होती. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

मग मला कळलं. आधी पाहुणे, मग वाढणं, मग ताट रिकामं; बाबांच्या तोंडी घासही नाही. मी बोलायला लागले. चौदा तारीख, कप्पा, पहाटेची पाळी, सगळं एकदमच बोलायला लागले. बाबा उठले. मला वाटलं, टायर. पण त्यांनी फ्रिज उघडला, माझं मॅडिसनचं चीज काढलं, दोन पाव भाजले, त्यावर कालचं गार बीफ आणि ते चीज ठेवलं. एक मला दिलं, एक स्वतः खाल्लं. सगळं, कडेसकट. म्हणाले, वेगळं आहे.

मग टायर बघायला गेले. या वेळी मीही गेले. चारही ठीक आहेत.

दुपारी फोन केले, बाबांचं चीज कुणाकडे उरलंय का ते विचारायला. पास्टरांकडचं चीज सकाळीच मुलांनी फस्त केलं. आत्यानं तिचं आल्या आल्या ऑम्लेटमध्ये घातलं, सांगताना मात्र एकही टोमणा मारला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. वाटलं, गॉर्डी काकांनी तरी ठेवलं असेल. ते म्हणाले, मला कुठे मिळालं? मी तीनदा नको म्हटलं, चौथ्यांदा तू विचारलंच नाहीस.

संध्याकाळी फ्रिज पुसला. मधला कप्पा मोकळा आहे.