सोपानरावांचा नट, इब्राहिमभाईंचा बोल्ट

चिंचवड, ता. ११ मे १९८२

तीर्थस्वरूप रंगरावमामांस,
ज्योतीरामचा साष्टांग नमस्कार.

चऱ्होलीला सगळे खुशाल असाल. गुडघा कसा आहे? मामींनी दिलेला लेप लावता ना? (अक्काच्या साखरपुड्यात बाबांनी मानाचा फेटा आधी नवरदेवाच्या मामांना बांधला आणि तुम्ही भरल्या पानावरून उठून गेलात, त्या विषयावर मी पत्रात एक अक्षर लिहिणार नाही. आईनं शपथ घातली आहे. लग्न पंधरा दिवसांवर आलंय, एवढंच.)

पत्रास कारण आमच्या कंपनीतला कॉम्प्युटर. स्टोअरचं रजिस्टर आता त्यात असतं आणि चार खिडक्यांवरचे चार कारकून त्यात नोंदी करतात. पण एकानं नोंद उघडली की बाकीच्या तिघांना अख्खं रजिस्टर बंद. एसटीत एका सीटवर रुमाल टाकून सगळी गाडी अडवावी, तसं. त्यात आमचे सोपानराव नोंद उघडून तंबाखू मळायला बाहेर जात आणि तोवर सगळा कारखाना हातावर हात धरून बसे. प्रोग्रॅम माझा, त्यामुळे बोलणीही मलाच. आठवडाभर डोकं खपवून मी रजिस्टरचं एक मोठं कुलूप काढलं आणि प्रत्येक मालाला वेगळं छोटं कुलूप लावलं. गेल्या मंगळवारी तासभर काम असं पळालं की साहेबांनी मला बसायला खुर्ची दिली.

मग सगळं ठप्प. सोपानरावांनी नट धरला होता, म्हणजे नटाची नोंद उघडली होती, आणि त्यांना बोल्टही हवा होता. पलीकडच्या खिडकीवर इब्राहिमभाईंनी बोल्ट धरला होता आणि त्यांना नट हवा होता. मशीन दोघांनाही थांबा म्हणत होतं आणि दोघंही शहाण्या माणसांसारखे थांबले होते. (भांडण नाही, आरडाओरडा नाही. जेवणाची सुट्टी झाली तरी तसेच.) साहेबांनी विचारल्यावर सोपानराव शांतपणे म्हणाले, "मी न्हाई सोडत. नट आधी म्या धरलाय."

"आणि बोल्ट मी," इब्राहिमभाई म्हणाले.

दोघांचंही खरं होतं, हीच पंचाईत. शेवटी मी नियम घातला की लहान नंबरचा माल सगळ्यांनी आधी धरायचा. नट चार नंबरचा, बोल्ट पाच. नट हाती आल्याशिवाय बोल्टला हात लावायचा नाही. तेव्हापासून कुणी अडकलं नाही. मामींना नमस्कार सांगावा.

आपला भाचा,
ज्योतीराम

ता. क. शपथ पत्रापुरती होती, सही झाली की पत्र संपलं. मामा, अक्काला मांडवात कोण आणणार? तुम्ही म्हणता आधी बाबांनी यावं, बाबा म्हणतात आधी तुम्ही. मामा नसेल तर मी बोहल्यावर चढणार नाही, असं अक्का म्हणते आणि रडते. मलाही तुमच्यावाचून करमत नाही. या.

आणखी एक. हेच पत्र मी बाबांनाही दिलंय, फक्त गुडघ्याच्या जागी दमा घातला. आता दोघं एकदम निघालात तर तुम्ही आमच्या दाराशी आणि बाबा तुमच्या दाराशी बसून राहाल. वयानं तुम्ही लहान, तेव्हा आधी तुम्ही. रविवारी पहिल्या बसनं निघा. बाबांनी कालपासूनच पिशवी भरून ठेवलीय, त्यांना त्या दिवशी सकाळी दहाच्या पुढे घरात थोपवणं मला जमणार नाही.