मीठ पडल्याची खूण

आई, मी पास झाले. नुसती पास नाही, वर्गात पहिली आले, तीही पंचेचाळिसाव्या वर्षी, माझ्या लेकीच्या वयाच्या मुलांत बसून. पहिल्या दिवसापासून ती मुलं मला काकू म्हणायची, आणि परीक्षा जवळ आली की "काकू, एवढं समजावून द्या ना" म्हणत मागे लागायची. एम.ए.च्या विषयाचं नाव तुला एका दमात घेता आलं नसतं: उपयोजित बोधनिक मानसशास्त्र. माणसाचं लक्ष कसं चालतं, आठवण कशी राहते, चूक नेमकी कुठे होते, आणि हे सगळं दवाखान्यात, कारखान्यात, स्वयंपाकघरात कसं उपयोगी पडतं, याचा अभ्यास. तू म्हणाली असतीस, "चुका कश्या व्हतात ते शिकाया कालेजात जावं लागतं व्हय गं?" जावं लागतं, आई. मला तरी जावं लागलं.

तुला जाऊन चौदा वर्षं झाली. शेवटपर्यंत तू एकच धरून बसलीस, की आपलं डोकं गेलं. कर्जतपासून खालापूरपर्यंत कुठेही लग्न असलं की आचारीण म्हणून तुझंच नाव निघायचं. मांडवाच्या मागे ओळीने चुली, त्यांवर मोठाले टोप, आणि तू पदर खोचून एकीकडून दुसरीकडे. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय अन्न चाखायचं नाही, हा तुझा नियम. त्यामुळे मीठ पडायचं ते हाताच्या अंदाजाने, आणि एकदाच. ते पडलं की तू टोपासमोर, चुलीच्या दगडाशी, एक लिंबू ठेवायचीस आणि मोठ्याने सांगायचीस, "मीठ पडलं. आता कुनी हात लावायचा नाय." लिंबू दिसलं की मीठ पडलेलं, नाही दिसलं की पडायचं. तू कधी चुकली नाहीस, खालापूरकडचं ते एक लग्न सोडलं तर.

ते लग्न मला अजून दिसतं. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे, परीक्षा तोंडावर आहे म्हणून कुरकुरत तुझ्याबरोबर आलेय, आणि मांडवाच्या खांबाला टेकून पुस्तक उघडलंय. वालाच्या बिरड्यात मीठ पडलंय, लिंबू जागेवर आहे. एवढ्यात कुणीतरी तुला बोलावतं, जिलब्या आल्यात, बघून घ्या. तू जातेस. तिथेच कुणीतरी तुला थांबवून भाताचं विचारतं, मग पाण्याचं, मग पत्रावळींचं. परत येतेस तेव्हा बिरड्यासमोर लिंबू नसतं. तू क्षणभर थांबतेस, कपाळाला हात लावतेस, आणि मीठ दुसऱ्यांदा पडतं.

पहिल्या पंगतीने बिरडं पत्रावळीच्या कडेला सारलं. नवरीचा मामा मागे आला आणि वाढप्यांसमोर तुला म्हणाला, "बाय, आता घरी बसा. डोस्कं ठिकानावर नाय तुमचं." तू हात जोडलेस. एवढ्या वर्षांत तुला कुणापुढे तसे हात जोडताना मी पाहिलं नव्हतं. परतताना टेंपोत तू विचारलंस, "मी लिंबू ठेवलं व्हतं का गं?" मी म्हटलं, "मला काय माहीत."

त्यानंतर तू लिंबू सोडलंस. जुन्या लुगड्याची पट्टी फाडून टोपाच्या कडीला गाठ मारायला लागलीस, ओढली तरी निघणार नाही अशी. पण मोठी लग्नं मिळेनाशी झाली ती झालीच. घरी चार माणसांची आमटी करतानाही तू मिठाच्या बरणीपाशी उभी राहायचीस, "टाकलं का गं मी?" मला तुझा राग यायचा. खरं तर तो तुझा नव्हता.

आता ऐक. पहिल्याच सत्रात आमच्या बाई वर्गात सांगतात, की कामाच्या गर्दीत तरबेज माणसं सगळं डोक्यात ठेवत नाहीत, आठवण बाहेर ठेवतात, वस्तूत, जागेत, खुणेत. हे विसराळूपणाचं लक्षण नाही, कसबाचं आहे. मी इतक्या जोरात हसले की सगळा वर्ग वळून बघायला लागला. मग हसता हसता रडले, आणि शेजारच्या पोराने घाबरून पाण्याची बाटली पुढे केली.

प्रबंध मी त्यावरच केला. कळंबच्या एका रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात महिनोन्‌महिने कोपऱ्यात स्टुलावर बसले. आचाऱ्याला मध्येच कुणी हाक मारली की परत आल्यावर तो काम कुठून उचलतो, ते टिपून ठेवलं. सुटी खूण आणि बांधलेली खूण, दोन्ही करून बघितल्या. सुटी खूण कुणीही हलवतं, आणि मग शहाण्यातला शहाणा चुकतो. तिथला म्हातारा आचारी आधी मला हसायचा. आता त्याच्या प्रत्येक टोपाच्या कडीला लाल पट्टी असते, आणि नव्या माणसाला तो दरडावतो, "पट्टी बगितल्याबिगर मिठाला हात लावशील तर बग!" तुझी पट्टी, आई.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडमनी विचारलं, ही कल्पना सुचली कुठून? मी त्यांना तुझं लिंबू सांगितलं, पट्टी सांगितली, मामाचं बोलणंही सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या आईंची स्मरणशक्ती उत्तम होती. कुणीतरी त्यांची खूण उचलली." "हो!" मी एवढ्या मोठ्याने म्हणाले की बाहेरचा शिपाई डोकावला. डोकं ठिकाणावर नाही म्हणे! तो मामा त्या वेळी तिथे हवा होता. तुझं डोकं शाबूत होतं, हे आता विद्यापीठाच्या सही-शिक्क्याच्या कागदावर आहे. त्या दिवशी कर्जत स्टेशनाबाहेर मी दोन वडापाव घेतले आणि दोन्ही एकटीने खाल्ले, एक तुझ्या वाटचा म्हणून.

हे पत्र वहीतच राहील. पोस्टात टाकायला तुझा पत्ता कुठे आहे? पण एक गोष्ट प्रबंधात लिहिलेली नाही, ती इथे लिहिते. मॅडमनी जाता जाता हसून विचारलं होतं, "पण ते लिंबू नेलं कोणी?" आणि आठवणीवर प्रबंध लिहिणारी ही बाई म्हणाली, "आठवत नाही, मॅडम."

मला तहान लागली होती, आई. लिंबांचं पोतं लांब होतं, हे टोपासमोरचं हाताशी होतं, आणि माझं सगळं लक्ष पुस्तकात. मी सरबत केलं. अर्धा पेला तुलाही आणून दिला, तिकडे जिलब्यांपाशी. तू तो एका दमात प्यायलीस आणि म्हणालीस, "जीव थंड झाला गं."