तिकडच्या बाटलीची गाठ

आई,

आधी पाया पडते, मग बोलते. मी मजेत आहे, वेळेवर जेवते. तुझे गुडघे कसे आहेत? बाबा फिरायला जातात ना?

इथे चार दगडांची पूड बाटल्यांत भरून आम्हाला आणि दूरच्या एका प्रयोगशाळेला वाटून देतात. दोघांनी त्यातलं मॅग्नेशियम मोजायचं, हलके अणू किती आणि जड किती. आकडे जवळपास जुळले की यंत्रं ठीक. तंतोतंत कधीच जुळत नाहीत.

या वेळी शेवटच्या अंकापर्यंत जुळले. साहेब खूश. मी मात्र माझी वही पुन्हा उघडली, तर तिसऱ्या आणि चौथ्या बाटलीची माझ्याकडून अदलाबदल झाली होती. तिकडच्या कागदावरही तीच अदलाबदल आहे.

मी हे सांगितलं तर साहेब म्हणाले, "योगायोग गं, मनाला लावून घेऊ नकोस."

काल तिकडच्या बाटल्या परत आल्या. झाकणांवर दोरा होता, आणि दोऱ्याला तू डब्यांना मारतेस तीच गाठ: दोन वेढे, टोक आत खोचलेलं. ही गाठ तू फक्त तुझ्या मुलीला शिकवलीस ना?

काळजी करू नकोस. दर पत्राखाली मी 'तुझी एकुलती' असं लिहिते. आजही लिहू ना, आई?

तुझी
लेक