चार नंबरचं ब्लँकेट

२८ फेब्रुवारी, शनिवार

नक्की झालं. साहेबांनी, म्हणजे आमच्या मॅनेजरांनी, साडेअकराला सगळ्यांना लॉबीत बोलावून सांगितलं. मालकांचं पत्र हातात होतं. उद्यापासून तळमजल्यावरच्या सहा खोल्यांत पाहुण्यांना कुत्रा आणता येईल. एक महिना, प्रयोग म्हणून. कुत्र्याबद्दल एक जरी लेखी तक्रार आली तरी प्रयोग तिथेच बंद.

"तुमचं काय मत?" मला विचारलं. मी हाऊसकीपिंगची सुपरवायझर, कुत्र्यांचे केस मलाच वेचायचे आहेत.

"मत आधी विचारतात, साहेब."

लॉबी हसली. साहेबही हसले आणि म्हणाले, "एक एप्रिलला हाऊसकीपिंग प्रमुखाची जागा भरायची आहे. महिना नीट जाऊ द्या." सगळे माझ्याकडेच बघायला लागले. एकोणीस वर्षांत माझ्या खोलीबद्दल एक तक्रार नाही!

३ मार्च, मंगळवार

पहिला कुत्रा आला, राहिला, गेला. वासराएवढा. माझी तपासणी नेहमीची – खोली आवरून झाली की कोरे पांढरे मोजे घालून खोलीभर चालायचं. मोजे मळले तर खोली पुन्हा. आज तीनदा पुन्हा. पोरी बादल्या जोरात आपटत होत्या.

एक तक्रार आली की सुटू सगळे. कुत्र्याची हं. माझी नव्हे.

९ मार्च, सोमवार

सहा नंबरच्या पिल्लाने माझा मोजा पळवला. ही तक्रार कोणाकडे करायची!

१८ मार्च, बुधवार

चार नंबरला एक बाई आल्यात. निवृत्त शिक्षिका, भूगोलाच्या. एकट्याच. सोबत पंधरा वर्षांचा कुत्रा, दोन्ही डोळ्यांनी आंधळा. नाव हेडमास्तर! "शाळेत हेडमास्तरांना काही बोलता यायचं नाही," बाई म्हणाल्या, "म्हणून घरी एक ठेवले." चार वर्षांत त्या कुठे गेल्या नाहीत. ह्याला ठेवायचं कुठे? नातलग नको म्हणतात, हॉटेलं दारातून परत पाठवतात. आमची जाहिरात बघून त्याच दिवशी फोन केला म्हणे. सात दिवसांचं बुकिंग आहे.

कुत्रा गरीब आहे. भिंतीला अंग घासत चालतो. बाथरूमच्या भिंतीशी त्याचं ब्लँकेट घातलंय, तिथे बरोबर जाऊन बसतो. ब्लँकेट मात्र... वास दारापर्यंत येतो.

१९ मार्च, गुरुवार

आज जे झालं ते क्रमाने लिहिते.

नऊ वाजता बाई कुत्र्याला घेऊन हॉटेलमागच्या तळ्याकडे गेल्या. मी मोजे घालून चार नंबरमध्ये गेले. फरशी लख्ख, मोजे पांढरे. पण वास! मी स्वतः ते ब्लँकेट उचललं आणि लाँड्रीत दिलं. लाँड्रीवाल्या दादांनी ते दोन बोटांत धरलं. "ताई, हे धुवायचं की पुरायचं?" मी म्हटलं, उकळत्या पाण्यात, दोनदा. बाराला वाळून आलं, फुलांचा वास मारत. मी ते होतं तिथेच, चारी कोपरे सरळ करून घातलं. खरं सांगायचं तर खूश होते.

दोन वाजता बाई परतल्या, कुत्र्याला खोलीत ठेवलं आणि लगेच होडीत बसायला गेल्या. एक तास एकटं ठेवायची परवानगी आहे. दहा मिनिटांत आत रडणं सुरू झालं. भुंकणं नव्हे, लहान मुलासारखा गळा काढून रडणं. मी किल्ली लावून आत गेले. टेबलाच्या पायावर आपटत होता, पलंगावर आपटत होता. ब्लँकेटवरून दोनदा चालत गेला. त्याला कळलंच नाही की हे आपलं आहे.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आंधळ्याचं घर मी धुऊन टाकलं होतं.

बाई धावत आल्या. अंगातला स्वेटर काढून खाली टाकला, तेव्हा कुठे तो त्यावर पडून राहिला. तोवर पाच नंबरचे गृहस्थ कागद घेऊन लॉबीत पोचले होते. लेखी तक्रार! साहेब म्हणाले, "झालं. बाईंना उद्या बारापर्यंत खोली सोडायला सांगा. मालकांना तक्रार पाठवतो, तुमचा अहवाल उद्या दहापर्यंत द्या."

निरोप मलाच द्यावा लागला. बाईंनी लगेच बॅग काढली. मग दार लोटून हळूच म्हणाल्या, "ब्लँकेट धुतलं ना, त्यानं झालं हे. पण तुम्ही ते कागदावर आणू नका. त्या आवरणाऱ्या मुलीला वाटलं असेल, आजीबाईंचं काम करू. तिच्या पोटावर पाय नको यायला."

मी "बरं" म्हटलं. "बरं" म्हणून बाहेर आले!

लाँड्रीवाले दादा जिन्यापाशी भेटले. "ताई, मला कोणी विचारलं तर मी काही सांगणार नाही."

घरी ह्यांना सांगितलं. हे चहा गाळत होते.

"तुला कोणी विचारलं का?"

"नाही."

"कुत्रे नकोच होते ना तुला?"

"नकोच होते."

"मग अडलंय कुठे?"

मी साखरेचा डबा उघडला. ह्यांनी कप पुढे ठेवला आणि म्हणाले, "साखर तीनदा घातलीस तू यात."

२० मार्च, शुक्रवार

अहवाल नऊ वाजताच दिला. पाच ओळी. पाहुण्यांची वस्तू त्यांना न विचारता मी उचलली, मी धुवायला दिली. कुत्रा त्यामुळे रडला, एरवी त्याचा आवाज नव्हता. आवरणाऱ्या मुलीचा संबंध नाही.

साहेबांनी वाचला. पुन्हा वाचला. "ताई, हे असं पाठवू? बारा दिवसांवर आलीय तुमची जागा."

"तारीख मला पाठ आहे, साहेब."

"थोडं साफसूफ करून लिहू?"

"साफसूफ करायच्या नादातच झालं हे सगळं."

हसले नाहीत. तसाच पाठवला. साडेअकराला मालकांचा फोन आला – बाई राहू देत, बाकी महिनाअखेरीला बघू.

चार नंबरला जाऊन सांगितलं. मग म्हटलं, "मुलीने नाही. मी धुतलं." बाई चष्म्यावरून बघत राहिल्या. वर्गात उभं केल्यासारखं झालं. शेवटी म्हणाल्या, "काल 'बरं' का म्हणालात?" मी पलंगावरची चादर सरळ केली. मग त्यांनी बॅग उघडली आणि कपडे परत कपाटात लावायला लागल्या. मी हँगर देत गेले.

२२ मार्च, रविवार

पोरींना नवा नियम सांगितला: पाहुण्यांची वस्तू घाण असो, फाटकी असो, विचारल्याशिवाय हात नाही. एक म्हणाली, "ताई, हे आम्हाला माहीत होतं." फाजील आहे. पण खरं बोलली.

२५ मार्च, बुधवार

बाई गेल्या. तीनदा होडीत बसल्या म्हणे, हेडमास्तरांना घेऊन.

३१ मार्च, मंगळवार

मालकांचा निर्णय आला, साहेबांनी चार वाजता वाचून दाखवला. तक्रार कुत्र्याविरुद्ध नाही, हाऊसकीपिंगविरुद्ध धरली आहे. म्हणून कुत्र्यांना सहाही खोल्यांत कायमची परवानगी. प्रमुखाची जागा लाँड्रीवाल्या दादांना. ते मान वर करेनात. मीच जाऊन अभिनंदन केलं. उद्यापासून त्यांच्या हाताखाली. दोन नंबरला दुपारी दोन कुत्रे येणार आहेत, खोली बारापर्यंत तयार हवी.