मामाच्या गिटारला दाराचं वार्निश

प्रिय मामा,

काल दुपारी माझा अंगठा तुझ्या गिटारच्या मानेवरून वरपासून खालपर्यंत कुठेही न अडता सरकला, आणि त्या क्षणी माझं सगळं बदललं. हे आधी तुलाच सांगायला हवं ना? तुला जाऊन आठ महिने झाले, तरी लिहायला बसलोय.

आठवतं, गेल्या दिवाळीत आईने दारांना वार्निश लावलेलं? डब्यात थोडं उरलं. वाया कशाला घालवायचं, म्हणून तिने तुझ्या गिटारच्या मानेलाही एक जाड हात दिला. तू आलास, बघितलंस आणि म्हणालास, "ताई, काय झळकतेय गं!" मग रोज वाजवण्याआधी मानेला पावडर फासत बसायचास, हात चिकटू नये म्हणून. का रे बोलला नाहीस तिला?

मला मात्र म्हणालास, "अरू, हे खरवडून दे ना." त्याच सकाळी कॉलेज सोडल्याबद्दल तू मला झापलेलं. मी फणकारलो, "तुझी गिटार, तूच खरवड." फाल्गुनात तू गेलास. ते वाक्य अजून पाठ सोडत नाही, मामा.

शेवटी टेंभी नाक्यावर बाजाच्या पेट्या दुरुस्त करणाऱ्या बाबूकाकांकडे गिटार नेली.

"वार्निश दाराला लावतात. वाद्याला कुणा गाढवानं लावलं?"

"मीच."

"मग गाढवानंच काढायचं." त्यांनी काचेचा तुकडा माझ्या हातात ठेवला. "तारा उतरव. मागच्या बाजूनेच खरवड, नखाएवढं नखाएवढं."

तीन दिवस खरवडलं. मग पॉलिशपेपर. मग स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे पातळ हात, चिंधीच्या बोळ्याने. बुटाच्या नाडीला गाठ बसली तर नाडीच तोडणारा मी, एकेक हात वाळेपर्यंत थांबलो! खरं वाटतं तुला?

आईने बघितलं. "मी लावलेलं चिकटायचं त्याला?" मी हो म्हटलं. ती कितीतरी वेळ मानेवरून हात फिरवत राहिली. "वेडा. एका शब्दाने बोलला असता, तर मीच नसतं का खरवडलं?"

आज कल्याणला एका ऑर्केस्ट्रावाल्यांसमोर वाजवायचंय. त्यांनी घेतलं, तर कुंदाच्या वडिलांसमोर ताठ उभा राहीन. कुंदा म्हणजे माझ्या वर्गातली, डोंबिवलीची, जिच्यावरून तू मला छळायचास. रविवारी तिला बघायला येताहेत. "तू बोलणार आहेस की नाही?" तिने दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा म्हटलं, आधी नोकरी लागू दे.

तर हे वचन. कल्याणला काहीही होवो, येताना डोंबिवलीला उतरेन आणि तिच्या वडिलांना आमच्याबद्दल सांगेन. आवाज चढवणार नाही. पण तुझ्यासारखा गप्पही बसणार नाही.

पत्र तुझ्या फोटोमागे ठेवतोय. गिटार खांद्याला अडकवली. निघालो, दार ओढून घेतो.

तुझा,
अरू